सुटीचा वार आणि सुटीची जागा

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याच्या प्रस्तावास मान्यता दिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या. या दोन्ही निर्णयांवर कष्टकऱ्यांच्या बाजूने जे बोलले गेले ते योग्यच होते. परंतु जादा कामाचा मोबदला दुप्पट मिळणार की नाही, कामगाराची संमती खरी की सक्तीची, आठवड्याचे ४८ तास कागदावर तरी कायम राहतात की नाही, याच हिशेबाभोवती चर्चा फिरत राहिली. बारा तास यंत्राजवळ उभे राहून घरी परतणाऱ्या माणसाच्या उरलेल्या दिवसाचे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. जणू तो दिवस कामगाराचा नव्हेच. मालकाने वापरला नाही म्हणून तेवढा शिल्लक राहिला, इतकेच.

फुरसत हा शब्द चळवळीच्या भाषेत थोडासा संशयास्पद ठरला आहे, हे मान्य केले पाहिजे. वेतन, बोनस, महागाईभत्ता, रेशन हे लढ्याचे विषय. बाग, मैदान, वाचनालय, समुद्राचा वारा हे पोट भरलेल्यांचे चोचले, अशी एक समजूत अनेक निष्ठावंत कार्यकर्त्यांच्याही मनात घर करून आहे. ही समजूत समाजवादी परंपरेला धरून नाही, आणि महाराष्ट्रातील कामगार चळवळीच्या इतिहासाला तर मुळीच धरून नाही. या भूमीतील संघटित कामगारांची पहिली मोठी जीत पगारवाढीची नव्हती. ती सुटीची होती.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरविली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्यांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची वेळ. आणि त्यानंतर पगार दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मिळावा ही मागणी. त्या काळी सूर्य उगवण्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले, आणि सुटी मिळालीच तर ती यंत्रांची साफसफाई करण्यात जाई. ज्याला महिन्याकाठी हाती काही रुपयेच पडत तो माणूस पगारवाढीआधी विश्रांती मागत होता. त्याची गरज त्याला पुस्तके वाचून कळलेली नव्हती.

पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुटीवर शिक्कामोर्तब झाले. लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. त्यांनी रविवारच का मागितला, याची कारणे मोठी मार्मिक आहेत. रविवार हा खंडोबाचा वार, बहुसंख्य कामगारांच्या कुलदैवताचा. आणि सहा दिवस पोटासाठी राबल्यावर एक दिवस समाजाच्या कामासाठी मोकळा हवा. म्हणजे ही सुटी केवळ दमलेले शरीर पुन्हा कामाला जुंपता यावे म्हणून मागितलेली नव्हती. माणूस म्हणून जगायला, देवाला जायला, सभेला जायला, आपसांत बसून विचार करायला वेळ हवा, ही ती मागणी होती. मालकवर्गाला सुटी देताना अडचण वाटली ती नुसत्या उत्पादनाची नव्हे, असे म्हणायला जागा आहे. मोकळा वेळ मिळालेला कामगार सभेला जातो.

त्यानंतरचा इतिहास तासातासाने पुढे सरकलेला आहे. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही गेली आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर पोहोचला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ती ११ तास, १९३४ मध्ये १० तास झाली. आणि १९४६ च्या दुरुस्तीने व १९४८ च्या कायद्याने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तास ठरले. ज्या १२ तासांकडे आज प्रगतीच्या नावाने बोट दाखविले जाते ती १९११ सालची मर्यादा आहे, एवढे जरी प्रत्येक द्वारसभेत सांगितले तरी पुष्कळ काम होईल. त्यातही फरक असा की १९११ चा कामगार गिरणीपासून हाकेच्या अंतरावरील चाळीत राहत होता. आजच्या मुंबईत इमारतीच्या दारावर उभा असलेला पहारेकरी किंवा कार्यालयाची साफसफाई करणारी स्त्री वसई-विरार, कल्याण-कर्जतकडून लोकलगाडीने येते. कामाच्या वेळेत प्रवासाचे तीन-चार तास मिळविले की लोखंडे यांच्या आधीचा दिवस पुन्हा उगवतो.

हा झाला वेळेचा प्रश्न. परंतु वेळ मिळाला तरी तो घालवायचा कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसे राहत असताना कामगाराची फुरसत घरात मावणे शक्यच नव्हते. ती चाळीच्या सामाईक गॅलरीत, चौकात, नाक्यावर, व्यायामशाळेत आणि मैदानात पसरली. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपणार कुठे, शाळकरी पोर अभ्यास करणार कुठे, गावाहून आलेला भाऊ चार दिवस टेकणार कुठे, या साध्या प्रश्नांची उत्तरे गिरणगावाने सार्वजनिक जागेत शोधली. परळचे कामगार मैदान, नरे पार्क, दादरचे शिवाजी पार्क, वरळीच्या बीडीडी चाळींलगतचे जांबोरी मैदान ही नुसती खेळाची मैदाने नव्हेत. तेथे कबड्डी झाली, भजनी मंडळांची बारी झाली, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या व कामगारांच्या लढ्यांच्या सभाही झाल्या. अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांची शाहिरी अशाच उघड्या जागांत लोकांपर्यंत पोहोचली. मैदान नसते तर ती चळवळ कोठे उभी राहिली असती, याचा विचार केला म्हणजे मैदानाचे राजकीय मोल ध्यानात येते.

यात राज्यसंस्थेचाही वाटा होता, आणि तो विसरता कामा नये. १९३९ मध्ये मुंबई प्रांताच्या सरकारने कामगार कल्याण केंद्रे सुरू केली. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी आणि मंडळ अस्तित्वात आले. पुढे मालक, कामगार आणि शासन यांच्या वर्गणीवर ते चालले. या केंद्रांत शिवणवर्ग होते, वाचनालय होते, व्यायामशाळा होती. मंडळाच्या नाट्यस्पर्धांतून गिरणीतला, कारखान्यातला माणूस रंगमंचावर उभा राहिला. त्याआधी ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळच्या वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालविलीच होती. तेच जोशी १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत होते. संघटना आणि वाचनालय ही त्यांना दोन वेगळी कामे वाटली नाहीत. केंद्रांच्या कारभारात सरकारी थाट पुष्कळ होता, उद्घाटनांचा सोस होता. तरीही तिकीट न काढता आत जाता येईल अशी ती जागा होती. सार्वजनिक सोय म्हणजे तरी दुसरे काय?

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि मुंबईच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. शहराला इतकी जमीन एकदम मिळण्याची संधी पुन्हा येणार नव्हती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ढोबळ मानाने अशी वाटणी ठरविली होती: एक तृतीयांश जमीन मोकळ्या सार्वजनिक जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने १९९६ मध्ये या जमिनींचा एकत्रित आराखडा सुचविला. तुकडे तुकडे न करता सलग मैदाने, घरे आणि रस्ते कसे करता येतील ते दाखविले. तो आराखडा बाजूला पडला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. ती करताना शब्दांची हातचलाखी अशी की वाटणी करायची ती फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. गिरणीची इमारत पाडून जी जमीन मोकळी होईल ती वाटणीतून वगळावी. गिरणीचे आवार म्हणजे बहुतांशी इमारतीच. त्यामुळे महापालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्याला उष्ट्यासारखे तुकडे आले. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती मान्य केली नाही. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि विषय संपला.

मग त्या जमिनीवर फुरसत आली, पण विक्रीची. मॉल आले, बोलिंगची खेळघरे आली, उंच मनोऱ्यांच्या आतल्या बागा आणि तरणतलाव आले. ज्यांच्या आजोबांनी त्या आवारात सूत कातले त्यांना आता तेथे दारावर गणवेशात उभे राहण्याची नोकरी मिळाली. सार्वजनिक सोयी मात्र गिरण्यांच्या काळातल्याच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. पूल कामगार वस्तीच्या काळातला, गर्दी नव्या कार्यालयांची. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्री, कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण गेले. एकीकडे सार्वजनिक सोयीत पैसा घातला नाही म्हणून माणसे मेली, दुसरीकडे खाजगी मौजेवर कोणाचा वचक नव्हता म्हणून मेली. वर्तमानपत्रांनी या दोन बातम्या निरनिराळ्या छापल्या, पण त्यांचा पत्ता एकच होता.

या पराभवात चळवळीचाही काही वाटा आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गिरण्यांच्या जमिनीच्या लढ्यात कामगार संघटना घरे आणि नोकऱ्या मागत होत्या; बागा आणि मोकळी जागा मागायचे काम पर्यावरणवादी संस्थांच्या याचिकांवर सोडलेले होते. दोन्ही मागण्या एकाच नियमाच्या दोन तृतीयांशांतून आलेल्या असूनही त्या एकमेकींच्या विरोधी आहेत असा समज पसरू दिला गेला. ‘लोकांना घरे हवीत, तुम्ही झाडे मागता’ असे एका बाजूला सांगायचे आणि ‘झोपड्यांनी शहर गिळले’ असे दुसऱ्या बाजूला, हा बिल्डरांच्या पथ्यावर पडणारा खेळ होता. शेवटी झाले काय? मैदाने गेली, आणि गिरणी कामगारांना घरे देण्याची भाषा मुंबई सोडून शेलू-वांगणीपर्यंत जाऊन पोहोचली.

पर्यावरणाच्या नावाने चालणाऱ्या चळवळीविषयी कष्टकऱ्यांच्या मनात जो संशय आहे तो मात्र निराधार नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे जंगल मुंबईचा श्वास आहे, हे खरेच. पण १९९७ च्या न्यायालयीन आदेशानंतर त्याच उद्यानाच्या सीमेवरील हजारो गरिबांच्या झोपड्या पाडल्या गेल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या आदिवासींनाही अतिक्रमण करणारे ठरविण्याचा प्रयत्न झाला, हेही खरे. निसर्ग वाचवायचा तो कोणापासून आणि कोणासाठी, हा प्रश्न न विचारता केलेले निसर्गप्रेम गरिबांच्या डोक्यावरचे छप्पर काढते. २०१९ च्या ऑक्टोबरात आरेमध्ये रातोरात दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली तेव्हा विरोधात शहरातले तरुण आणि आरेच्या पाड्यांवरचे आदिवासी एकत्र उभे राहिले; कितीही मर्यादा असल्या तरी तो मार्ग अधिक बरोबर होता.

घर की बाग, हा पेच मुळातच खोटा आहे. १९२० च्या दशकात व्हिएन्नाची नगरपालिका समाजवाद्यांच्या हाती होती. त्यांनी १९२३ ते १९३४ या काळात साठ हजारांहून अधिक घरे बांधली. त्यांतील कार्ल मार्क्स होफ ही १९३० मध्ये पुरी झालेली वसाहत एक किलोमीटरहून लांब आहे; १३८२ घरे, पण इमारतींनी व्यापलेली जागा एकूण जमिनीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. बाकी अंगणे, बागा, मुलांच्या खेळण्याच्या जागा. आत धुलाईघर, स्नानगृह, बालवाडी, वाचनालय. पैसा श्रीमंतांच्या घरांवर आणि चैनीवर बसविलेल्या करांतून उभा केला. मुंबईत मात्र वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी चाळीस मजली मनोरे उभे राहत आहेत. रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे घर मिळते हे निःसंशय चांगले; १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांना त्याची किंमत कोणी शिकवू नये. प्रश्न एवढाच की तळमजल्यावरची ओटी, चौक आणि सामाईक गॅलरी गेल्यावर त्या माणसांना एकत्र बसायला जागा कोणती उरते.

आणि निसर्ग हा मध्यमवर्गाचा छंद आहे असे ज्यांना वाटते त्यांनी इंग्लंडमधील किंडर स्काउटची हकीकत वाचावी. मँचेस्टर आणि शेफील्ड या गिरण्यांच्या व पोलादाच्या शहरांमधली डोंगरपठारे जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी कुंपण घालून ठेवली होती. २४ एप्रिल १९३२ रोजी काही शे तरुण कामगार रखवालदारांना न जुमानता त्या पठारावर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागात मुक्त प्रवेश यांचा कायदा केला, आणि १९५१ मध्ये त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते याच डोंगरांत. धुराड्यांखाली आठवडा काढणाऱ्या माणसाला रविवारी मोकळी हवा हवी असते, हे सांगायला त्यांना कोणी तज्ज्ञ लागला नव्हता.

मुंबईच्या महापालिकेच्याच पाहणीनुसार शहरातील मोकळी जागा माणशी सुमारे सव्वा चौरस मीटर आहे. सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद चटई अंथरली तर ती त्यात मावत नाही. जी काही मैदाने होती त्यांपैकी अनेक ‘देखभालीसाठी’ म्हणून संस्थांकडे सोपविली गेली, आणि काहींवर राजकीय पुढाऱ्यांचे क्लब उभे राहिले. लोकांचा रोष वाढल्यावर २०१६ मध्ये ते धोरण थांबवून जागा परत घेण्याची भाषा सरकारला करावी लागली.

परंतु मैदान नकाशावर असणे आणि ते सर्वांचे असणे यांत फरक आहे. या ठिकाणी स्त्रियांचा प्रश्न पुढे येतो, आणि चळवळीच्या पुरुष कार्यकर्त्यांनी तो जरा निमूटपणे ऐकावा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे लोखंड्यांनी मिळविलेला रविवार घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबला. पुरुषांना सुटी असते त्या दिवशी बाईला स्वयंपाक अधिक असतो. मग संध्याकाळी तासभर ती बागेत गेलीच, तर तेथे चालू स्थितीतले शौचालय नाही, पिण्याचे पाणी नाही, दिवा नाही. ती किती वेळ बसणार? २०११ पासून मुंबईत स्त्रियांनी मोफत आणि स्वच्छ मुताऱ्यांसाठी जी मोहीम चालविली तिची सुरुवातीला थट्टा झाली. वास्तविक फुरसतीचा हक्क आणि नळ-शौचालयाचा हक्क हे एकच प्रकरण आहे. पाळणाघर हीसुद्धा त्यातलीच सोय.

२०२४ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे येण्याचा निर्णय झाला. ज्या महालक्ष्मीत १८९० साली दहा हजार कामगार सुटी मागण्यासाठी जमले होते, तेथेच ही जागा आहे. निर्णय स्वागतार्ह आहे, तथापि तो झाला तेव्हा महापालिकेत निवडून आलेला एकही प्रतिनिधी नव्हता. मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. म्हणून त्या उद्यानाचा तपशील ठरविताना लालबाग, परळ, वरळी, भायखळ्याच्या लोकांना कोणी विचारले आहे असे गृहीत धरून चालणार नाही. पक्षाच्या त्या त्या विभागांतील शाखांनी हे काम आपले म्हणून अंगावर घ्यावे. प्रवेशाला शुल्क असणार का? पहाटे कामावर जाणाऱ्या आणि रात्री परतणाऱ्या माणसाला ते उघडे सापडेल का? देखभाल महापालिकेचे कायम कामगार करणार की कंत्राटदार? सभेला, कबड्डीला, भजनाला परवानगी असणार, की हिरवळीवर पाय ठेवू नये अशी पाटी लागणार? गवताखाली वाहनतळ बांधून जमिनीचा उपयोग कोणासाठी होणार? आणि सर्वात आधी विचारायचे ते हे, की मोटारीने येणाऱ्यांसाठी प्रशस्त रस्ता ठेवल्यावर, चाळींतून पोराबाळांना घेऊन पायी येणाऱ्यांसाठी फाटक कोणत्या बाजूला ठेवले आहे.